दत्तक आलेली म्हातारी गिनीपिग आणि तिची रोज एक नवी तक्रार

कृष्णाकाठ | २ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, हसू नका. (हसा, पण मग उत्तरही द्या.)

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमधलं एक कुटुंब बदली होऊन बंगळूरला गेलं. जाताना कपाट विकलं, टीव्ही विकला, तुळस मला दिली आणि तुळशीसोबत एक गिनीपिग. "काकू, पंधरा दिवस ठेवा, घर लागलं की नेतो." त्याला आता दोन महिने झाले. परवा फोन केला तर पलीकडून, "काकू, तिला तुमच्याकडे छान करमतंय ना?" तेव्हा उमगलं की ही आता आमचीच.

त्यांच्या मुलीच्या तिसरीतल्या वाढदिवसाला आणलेली, ती मुलगी आता आठवीत. म्हणजे पाच वर्षांची तरी असेल. मूळ नाव कुकी. सासूबाईंच्या तोंडात ते बसेना, त्यांनी बारसं करून ठमी ठेवलं.

आता तक्रारी. दोन्ही कुशींवरचे केस गेलेत, अगदी एकसारखे, जणू कोणी मोजून भादरलेत. खाजवत मात्र नाही. गाजर बघून धावत येते, उचलते, तोंडात धरते आणि टाकून देते. हनुवटी सारखी ओली. लेंड्या आधी शेंगदाण्याएवढ्या होत्या, आता तुरीएवढ्या. आधीच्या घरी दुकानातलं रंगीत मिक्स खाणं, चपाती, कधी बिस्कीट असं चालायचं. गवत कधीच नाही, कारण मुलीला शिंका यायच्या.

उद्या-परवा इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. पण मनातला खरा प्रश्न वेगळाच आहे. या वयात तिला सुया, औषधं, प्रवास असला त्रास द्यावा का? की आहेत ते दिवस सुखात जाऊ द्यावेत? घरात दोन तट पडलेत.

नुसताच वाचक | २ मार्च, रात्री १०:५२

वाचतोय.

मिरजमार्गे | २ मार्च, रात्री ११:०५

तुळस आणि गिनीपिग! आमच्या शेजाऱ्यांनी जाताना फक्त विजेचं थकलेलं बिल ठेवलं होतं. तुम्ही नशीबवान.

सशाची शिट्टी | ३ मार्च, सकाळी ७:३०

केस गेलेत म्हणजे गोचीड-पिसवांच्या जातीतलं काहीतरी. आमच्या सशाला झालं होतं, एका इंजेक्शनात साफ. खाण्याचं म्हणाल तर लसूणघास द्या भरपूर, आमचा ससा त्यावरच वाढलाय. आणि एकटी आहे म्हणून झुरत असेल. मी ससा देऊ का सोबतीला?

तीन पिगांची आई | ३ मार्च, सकाळी ९:१२

कृष्णाकाठ, मी पुण्यात नऊ वर्षं गिनीपिग पाळतेय. सध्या तीन आहेत, दोन गेल्या. त्या अनुभवावर लिहितेय, डॉक्टर नाही.

शिट्टी, तुमच्या तिन्ही सल्ल्यांना माझा विरोध, राग मानू नका. खरजेच्या किड्यांनी खाज इतकी भयंकर सुटते की प्राणी खाजवून रक्त काढतो, कधी झटकेही येतात. इथे खाज नाही. वयस्कर मादीला दोन्ही कुशींना सारखंच टक्कल पडलं आणि खाज नसली, की पहिला संशय अंडाशयातल्या गाठींचा, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांचा. त्याला सोनोग्राफी लागते. लसूणघासात कॅल्शियम फार, मोठ्या वयाच्या पिगांना त्याने मूतखडा व्हायची भीती. आणि ससा सोबतीला अजिबात नको. सशाच्या श्वासनलिकेत काही जिवाणू निवांत राहतात, त्याला काही होत नाही, पण त्यांनीच गिनीपिगला न्यूमोनिया होतो. शिवाय सशाची एक लाथ बसली तर हिचं कंबरडं मोडेल.

पण केस राहू देत बाजूला. मला घाबरवलं ते टाकलेल्या गाजराने. भूक आहे, धावत येते, उचलते आणि टाकते, वर हनुवटी ओली. हे दाढांचं लक्षण वाटतं. गिनीपिगला वीस दात, आणि सगळे जन्मभर वाढत राहतात, नुसते पुढचेच नाही, दाढाही. ते झिजतात गवत दळून. हिने पाच वर्षं गवत पाहिलंच नाही.

आज एक काम करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवा, त्यात तिला बसवा, आकडा इथे लिहा.

हिशेबी | ३ मार्च, सकाळी १०:०१

स्पष्ट बोलतो. हा प्राणी दुकानात पाचशे-हजाराला मिळतो, जगतो पाच ते आठ वर्षं. तुमची पाचाची आहे. यात सोनोग्राफी? माणसांना मिळत नाही वेळेवर.

वाळव्याचा गडी | ३ मार्च, दुपारी १:२०

हिशेबी दादा, तसा हिशेब लावला तर आमच्या दावणीची निम्मी जनावरं बाजारात न्यावी लागतील. आमची एक म्हस आटून तीन वर्षं झाली, अजून दावणीला हाय. आई म्हणती, तिनं दूध दिलं तवा मोजलं का.

ताई, गवत पायजे तर सांगा. बांधावर हरळी लई हाय. सावलीत वाळवून पोतं भरून देतो.

कृष्णाकाठ | ३ मार्च, दुपारी ४:४५

पातेलं गरम नव्हतं हे आधी सांगते, कारण ती बसताना माझ्याकडे तसंच बघत होती. आकडा ६४० ग्रॅम. बंगळूरला विचारलं, त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या तपासणीचा कागद निघाला: ९१०.

दादा, हरळी नक्की हवी.

तीन पिगांची आई | ३ मार्च, दुपारी ४:५८

म्हणजे जवळजवळ तीस टक्के वजन गेलं. ताई, "आहेत ते दिवस सुखात" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. ती सुखात नाहीये, उपाशी आहे. याचं पोट बारा-चोवीस तास रिकामं राहिलं तरी आतडी थांबतात. दुकानातल्या खाण्यातले मके-बिया काढून नुसत्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून लापशी करा, सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडी थोडी द्या. घशात सरळ मारू नका, फुप्फुसात जाते. दिवसातून पाच-सहा वेळा, रात्रीही एकदा उठून.

वाळव्याचे दादा, हरळी सोन्यासारखी, पण एक विचारते. बांध द्राक्षबागेचा तर नाही ना?

वाळव्याचा गडी | ३ मार्च, संध्याकाळी ६:१०

बरं इचारलंत. एका अंगाला बाग हाय, तिथं फवारणी असती, तणनाशक पण. त्या बाजूचं म्हशीलाबी घालत न्हाई. ओढ्याकडच्या बांधाचं देतो.

जुनी वही | ३ मार्च, रात्री ९:३३

थोडं अवांतर. 'गिनीपिग' हा ना डुक्कर, ना गिनी देशाचा. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरूमध्ये आजही तो पाळतात आणि खातात. 'आमचा गिनीपिग केला' असं आपण ज्या प्रयोगांमुळे म्हणतो, त्यातला एक फार मजेदार आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिच हे दोघं बेरीबेरीवर काम करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि झाला भलताच आजार, स्कर्व्ही! खलाशांच्या हिरड्या सुजवणारा. उंदीर, कुत्रा, गाय यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होतं. माणसात होत नाही आणि या बिचाऱ्यात होत नाही. म्हणून तर तो रोग त्याच्यात दिसला आणि पुढे जीवनसत्त्वाचा माग लागला.

आता ठमीबाईंचं पाच वर्षांचं जेवण बघा: धान्य, चपाती, बिस्कीट. नॉर्वेतला प्रयोग विश्रामबागेत.

मिरजमार्गे | ३ मार्च, रात्री ९:४०

म्हणजे लिंबू सरबत पाजायचं का ठमीला? वर सासूबाईंच्या हातचं?

तीन पिगांची आई | ३ मार्च, रात्री १०:१५

वही, अगदी नेमकं. स्कर्व्हीत सांधे दुखतात, हिरड्या सैल होतात, दातांची पकड जाते. दोन्ही दुखणी एकमेकांना हात देतात.

सरबत नको, साखर असते. ढोबळी मिरची. आजारी पिगला किलोमागे रोज तीसेक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, म्हणजे ठमीला वीस. ढोबळी मिरचीच्या बोटभर दोन फोडींत ते भागतं. सध्या चावत नाही म्हणून किसून, लापशीत. आवळा त्याहून भारी, पण माझ्या तिघींनी आवळ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकायचे सांगतात त्यावर जाऊ नका, उजेडात ते टिकत नाही आणि चव बदलली की पाणी पिणंच बंद. दुकानातल्या बरणीतल्या गोळ्यांतलंही काही महिन्यांत उडून जातं.

कृष्णाकाठ | ४ मार्च, रात्री ८:२०

डॉक्टरांकडे जाऊन आले. भले गृहस्थ, आधीच म्हणाले, "मी म्हशी-कुत्र्यांचा माणूस, हे वर्षातून एखादं येतं." पुढचे दात बघितले, चांगले आहेत म्हणाले. केसांसाठी एक इंजेक्शन पुढच्या वेळी देतो म्हणाले, आणि तोंडात जंतू असतील म्हणून अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं. लहान मुलांचं असतं ना, गुलाबी, तेच. संध्याकाळी एक डोस दिला. आवडीने चाटलं हो! कितीतरी दिवसांनी काही आवडीने खाल्लं.

शिरवळ ते शिराळा | ४ मार्च, रात्री ८:२९

ताई, पुढचा डोस देऊ नका. बाटली उचलून वर ठेवा. सविस्तर लिहितोय.

तीन पिगांची आई | ४ मार्च, रात्री ८:३०

देऊ नका!!!

शिरवळ ते शिराळा | ४ मार्च, रात्री ८:५१

मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजचा, काम सगळं गाई-म्हशींचं. गिनीपिगच्या आतड्यात चारा पचवणारे जे जिवाणू असतात ते पेनिसिलीनच्या घराण्यातल्या तोंडावाटे दिलेल्या औषधांनी मरतात. जागा मोकळी झाली की क्लॉस्ट्रिडियमची जात फोफावते, तिचं विष भिनतं आणि प्राणी दोन-चार दिवसांत जुलाब होऊन जातो. अँपिसिलीन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, ही यादी लिहून फ्रिजवर चिकटवा. गरज पडलीच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम वापरतात, तेही वजनावर आणि डॉक्टरांनीच ठरवून.

एका डोसाने होईलच असं नाही. पुढचे काही दिवस लेंड्या बघा, पातळ झालं किंवा खाणं थांबलं तर लगेच डॉक्टरांकडे. हरळी, लापशी चालू ठेवा.

आणि एक विनंती. त्या डॉक्टरांशी भांडू नका, फोन करून सांगा. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्यातच पाच वर्षं जातात. मला स्वतःला हे नोकरी लागल्यावर, एका शाळकरी पोराचं पिग हातचं गेल्यावर कळलं. गाडीवर बसून परत येताना त्या पोराने मला काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

हिशेबी | ४ मार्च, रात्री ९:१५

हे माहीत नव्हतं. माझ्या भाचीकडे एक आहे, तिला लगेच कळवतो.

मिरजमार्गे | ४ मार्च, रात्री ९:१८

हिशेबींच्या घराण्यात गिनीपिग! आधी सांगायचं की हो.

कृष्णाकाठ | ५ मार्च, सकाळी ११:००

रात्रभर झोप नाही. दर दोन तासांनी मोबाईलच्या उजेडात लेंड्या मोजत बसले होते. सासूबाई उठून आल्या, शेजारी पाट टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या गोवरातसुद्धा एवढी जागी नव्हते मी." तेरा लेंड्या, छोट्या पण घट्ट.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. मिनिटभर गप्प होते. मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत, मी वाचून घेतो." अर्ध्या तासाने त्यांचाच फोन, पुण्यात छोट्या प्राण्यांचं कोण बघतं त्यांची चौकशी करून नंबर दिला. मला इतका आदर वाटला की काय सांगू.

सशाची शिट्टी | ५ मार्च, दुपारी १२:४०

ताई, माझ्या सल्ल्याबद्दल सॉरी. पण ससे गोड असतात यावर मी ठाम आहे.

नुसताच वाचक | ५ मार्च, दुपारी १२:४४

वाचतोय. (नखं खात.)

कृष्णाकाठ | ९ मार्च, रात्री ९:५०

उशीर झाला लिहायला. जुलाब झाले नाहीत, देव पावला. परवा पुण्याला जाऊन आलो. पहाटेची एसटी, मांडीवर वेताची टोपली, त्यात हरळीचा बिछाना, वर ओला पंचा, कारण ऊन आत्ताच तापायला लागलंय. पेठ नाक्याला कंडक्टरने विचारलं, "आत काय, कोंबडी?" म्हटलं नाही, आजारी आहे, डॉक्टरकडे नेतेय. त्याने टोपलीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मग मागं कशाला बसलाय, मागं आदळतंय. पुढं या." एका माणसाला उठवून पुढची सीट दिली. कराडपासून साताऱ्यापर्यंत तो माणूस ठमीबद्दल प्रश्न विचारत होता.

तिथल्या डॉक्टरांनी बारीक दुर्बिणीसारख्या नळीतून तोंडाच्या आत दाखवलं. पुढचे दात बरोबर होते, त्यामुळेच इथे फसगत झाली. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर पूल बांधल्यासारख्या मिळत आलेल्या. जीभ खाली अडकलेली! घास आत ढकलायचा कसा? ती रोज भुकेने धावत यायची आणि मी म्हणायचे, नखरे करते.

भूल देऊन दाढा घासल्या. सोनोग्राफीही केली. तीन पिगांची आई, तुमचं बरोबर होतं, दोन्ही बाजूंना गाठी आहेत. एवढ्या वजनात ऑपरेशन नाही म्हणाले, आधी वजन येऊ दे, मग संप्रेरकाच्या इंजेक्शनचं बघू. दाढा पुन्हा वाढणारच, दीड-दोन महिन्यांनी परत दाखवायचं. सगळे मिळून साडेपाच हजार, एसटी सोडून.

तीन पिगांची आई | ९ मार्च, रात्री १०:०४

जीव भांड्यात पडला. भुलीनंतर पहिले दोन-तीन दिवस स्वतः खात नाहीत, जबडा दुखतो, तेव्हा सिरिंज सोडू नका. आणि एप्रिल येतोय. सांगलीत चाळीसला पारा जातो, यांना तीसच्या वरच त्रास होतो. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, ती स्वतः टेकून बसेल. पिंजऱ्यात जाळीवर न ठेवता खाली कापड असू द्या, म्हाताऱ्या पिगांच्या तळपायाला जखमा होतात.

वाळव्याचा गडी | १० मार्च, सकाळी ६:४५

दुसरं पोतं आज येतंय ताई, कुपवाडला भाजीच्या टेम्पोत. पोत्यावर 'ठमी' लिवलंय. ड्रायव्हर इचारत होता ही कुणाची सून.

जुनी वही | १० मार्च, सकाळी ९:२०

खिक्क.

हिशेबी | १० मार्च, सकाळी १०:३०

मी पुन्हा तेच विचारतो, टोमणा नाही. दर दोन महिन्यांनी पुणे, भूल, खर्च. वर गाठी. ताईंचा पहिला प्रश्न हाच होता आणि आपण सगळे दाढा-लेंड्यांत विसरलो. किती वेळा करायचं हे?

शिरवळ ते शिराळा | १० मार्च, दुपारी २:१५

प्रश्न योग्य आहे. माझ्या मते वय हा आजार नाही. उपाशी असणं हा आजार होता आणि तो घासून जाण्यासारखा होता. गाठींचं ऑपरेशन मात्र या वयात मी स्वतः टाळेन. दोन्हीला एकच उत्तर नाही. उद्या ती दाढा नीट असूनही खाईना झाली, तर तेव्हा वेगळं बोलू.

तीन पिगांची आई | १० मार्च, दुपारी ३:००

मी एकीला थांबवलं होतं. सातवं वर्ष, मूतखडा, दुसऱ्यांदा झालेला. पहिल्यांदा केलं होतं ऑपरेशन, दुसऱ्यांदा नाही केलं. अजून कधी कधी वाटतं करायला हवं होतं, कधी वाटतं पहिलंही नको होतं. आकड्यात नाही सांगता येत हिशेबी.

हिशेबी | १० मार्च, दुपारी ३:०६

समजलं.

कृष्णाकाठ | २६ मार्च, रात्री ८:१५

रोज कोणीतरी विचारतंय म्हणून लिहिते. वजन आज ७२५. रविवारी सकाळी पातेल्यात बसायची तिला सवय झालीय, आता उतरायलाच तयार नसते. हरळी खाताना जबडा आडवा हलतो ना, तो कर्र कर्र आवाज हॉलमध्ये ऐकू येतो. सासूबाई त्या आवाजाला "दळण" म्हणतात. ठमीचं दळण चालू असेपर्यंत मालिकेचा आवाज कमी ठेवायचा, असा घरात नियम झालाय.

कुशींचं टक्कल तसंच आहे. हिशेबी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मिस्टरांशी बोलून ठरवलंय: दाढांसाठी जात राहायचं, गाठींसाठी कापायचं नाही. बंगळूरच्या मुलीला व्हिडिओ पाठवला, ती रडली. मे महिन्यात भेटायला येणार आहे म्हणे, न्यायला नाही.

आता शेवटचा प्रश्न. संध्याकाळी भडंगाच्या डब्याचं झाकण वाजलं की ती पिंजऱ्यातून शिट्ट्या मारते, अख्खी बिल्डिंग ऐकते. एखादा दाणा चालेल का?

तीन पिगांची आई | २६ मार्च, रात्री ८:१६

नाही.

शिरवळ ते शिराळा | २६ मार्च, रात्री ८:१७

नाही.

मिरजमार्गे | २६ मार्च, रात्री ८:२०

पत्ता सांगा, तो डबा मी घेऊन जातो.